यादीत एक सुनीता, दारात दोन

मे महिन्याच्या शेवटी मी निवृत्त झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं यथासांग झालं आणि मग नवे प्राचार्य बोलायला उभे राहिले. म्हणाले, "पाटील मॅडमनी इतक्या वर्षांच्या नोकरीत कॉम्प्युटर लॅबमध्ये एकही चूक केली नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. स्वतःच्याच निरोप समारंभात उभं राहून 'सर, हे खोटं आहे' असं कोण म्हणतं? पण घरी आल्यावर ते घड्याळ खिळ्याला अडकवताना मला चैन पडेना. चूक केलीय की मी! चांगली ठसठशीत केलीय, आणि अख्ख्या जिल्ह्यादेखत केलीय. खरं सांगायचं तर नोकरीत मी जे काही बरं केलं, ते त्या चुकीनंतरचंच आहे. त्यामुळे दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

आधी माझी ओळख. माहेर धानोऱ्याचं, नोकरी खांडबाऱ्याजवळच्या एका कॉलेजात, पद संगणक प्रयोगशाळा सहाय्यक. म्हणजे काय, तर प्राध्यापक शिकवून निघून जातात, आणि मग 'मॅडम, माऊस हलत नाही', 'मॅडम, माझी फाईल कुठे गेली', 'मॅडम, यानं माझा पासवर्ड बदलला' हे सगळं माझ्या वाट्याला. आमच्या कॉलेजात पाटील मॅडम पाच होत्या. मराठीच्या पाटील, लायब्ररीच्या पाटील, ऑफिसातल्या मोठ्या पाटील, ऑफिसातल्या लहान पाटील आणि मी कॉम्प्युटरवाली पाटील. नुसतं 'पाटील मॅडम' म्हणून कुणी हाक मारली तर पाचही जणी वळून बघायच्या. एवढं असूनही एका नावाची दोन माणसं असतात हे जी बाई विसरली, तिची ही गोष्ट आहे.

मला यंत्राचं वेड पहिल्यापासूनच. नवीन काही आलं की ते मी उघडून बघणार, वापरणार आणि मग भेटेल त्याला शिकवणार, त्याला नको असलं तरी. कॉलेजात जिल्ह्यातल्या शाळांसाठी तंत्रमेळा भरवायचा ही कल्पना माझीच. दोन-दोन मुलांच्या जोडीनं काहीतरी बनवून आणायचं, टेबलावर मांडायचं, परीक्षकांना दाखवायचं. पहिला येईल त्याचं नाव त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत राज्याच्या स्पर्धेच्या संकेतस्थळावर चढवायचं. पाच वाजून एक मिनिट झालं की दार बंद.

नोंदणी अर्थातच ऑनलाइन. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोबाईलवर एक अर्ज उघडतो, त्यात नाव, जन्मतारीख वगैरे भरायचं आणि खाली 'सबमिट' दाबायचं. दाबलं की तुमची माहिती माझ्या कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात एक ओळ होऊन बसते. एक मूल, एक ओळ. निदान कागदावर तरी असंच ठरलं होतं.

पहिल्या वर्षी झालं काय, की आमच्याकडच्या नेटचा वेग तुम्हाला माहीतच आहे. पोरांनी 'सबमिट' दाबलं, काही होईना. परत दाबलं. मग जरा जोरात दाबलं. प्रत्येक वेळी माझ्याकडे नवीन ओळ! तक्त्यात तीनशेच्या वर नावं बघून मी हुरळून गेले आणि तीनशे प्लेट पोह्यांची ऑर्डर दिली. आली शंभर मुलं. पुढचे दोन दिवस आमच्या स्टाफने सकाळी पोहे, दुपारी पोहे आणि घरी जाताना डब्यात पोहे नेले. मराठीच्या पाटील अजूनही पोहे दिसले की माझ्याकडे बघतात.

दुसऱ्या वर्षी वेगळाच प्रकार. त्या वर्षी ऑनलाइन प्रश्नमंजुषा ठेवली होती, आणि भाग घेईल त्याला आपोआप प्रमाणपत्र जायचं. माझ्या माहेरच्या, हो, धानोऱ्याच्याच चार टवाळांनी एका मोबाईलवरून बारा अर्ज भरले. माझा भाऊ फोनवर हसून हसून बेजार. "कुसुम, तुन्हा कॉम्प्युटरनी मन्हा बैलले सर्टिफिकेट दिधं वं!" खरंच होतं. राजा पाटील आणि सोन्या पाटील, दोघांना सत्तर टक्के. भावाने ती दोन्ही प्रमाणपत्रं फ्रेम करून गोठ्यात लावली, आणि मी दिवाळीला गेले की पहिल्यांदा तिथेच नेऊन उभं करतो.

मी तेव्हा हसले, पण आतून चांगलीच चिडले होते. माझ्या यंत्राला बनवतात म्हणजे काय! त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, की एका नंबरवरून अनेक नावं आली म्हणजे लबाडी. धडा बैलांनी दिला आणि मी तो भलतीकडे नेऊन लावला.

तिसऱ्या वर्षीच्या मेळ्यात मी डोंगरातल्या शाळांना आग्रहाने बोलावलं. काठी गावाकडच्या एका शाळेतले वळवी सर तेवढे लगेच हो म्हणाले. फक्त एक विनंती केली, "मॅडम, तारीख होळीच्या पुष्कळ आधीची ठेवा. होळीत काठीला सगळा डोंगर जमतो, तुम्हाला रिकामा माणूस मिळायचा नाही." मी ठेवली. मुलांची तयारी व्हावी म्हणून दर शनिवारी ऑनलाइन वर्गही सुरू केला. शाळेत नेटवर्क नव्हतं, म्हणून सर मुलांना घेऊन टेकडीवरच्या एका मोहाच्या झाडाखाली बसायचे. कॅमेरा लावला की आवाज तुटायचा, म्हणून कॅमेरा बंद. मला पडद्यावर दिसायचं फक्त 'वळवी सर' हे नाव, आणि मागून आवाज यायचे.

त्यातला एक आवाज माझ्या चांगला ओळखीचा झाला. "मॅडम, मी सुनीता पाडवी. हा ठोकळा तिथे का जोडायचा?" चित्रांचे ठोकळे जोडून मोबाईलचं ॲप बनवायचं एक मोफत साधन आहे, ते मी शिकवत होते. सुनीताचे प्रश्न काही संपायचे नाहीत. कधी खणखणीत विचारायची, कधी हळू आवाजात. मला वाटायचं, कधी ती मोबाईलच्या जवळ बसत असेल, कधी लांब. घरी, दारी, स्टाफरूममध्ये मी सांगत सुटले, "काठीकडे एक सुनीता पाडवी आहे, पोरगी म्हणजे पोरगी आहे!"

मेळ्याला आठ दिवस उरले तेव्हा मी नोंदणीचा तक्ता साफ करायला बसले. पोहे आणि बैल, दोन्ही डोक्यात ताजे होतेच. तक्त्याला एक आज्ञा देता येते, की ज्या ओळी सारख्या आहेत त्यातली एक ठेव आणि बाकीच्या काढून टाक. सारख्या म्हणजे कशा, ते आपण सांगायचं. मी सांगितलं, नाव तेच, जन्मतारीख तीच, मोबाईल नंबर तोच. वडिलांचं नाव मी अर्जात विचारलंच नव्हतं. 'छोटा अर्ज, झटपट अर्ज' असं मीच मोठ्या ऐटीत ठरवलेलं. बटण दाबलं. क्षणात सदतीस ओळी गेल्या. यादी कशी स्वच्छ दिसायला लागली! एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मी आणखी पुढे गेले. एका नंबरवर पाच-पाच, दहा-दहा नावं होती, त्यातलं पहिलं ठेवून बाकीची माझ्या हाताने उडवली. मग उरलेल्यांना 'तुमची नोंदणी पक्की' असा संदेश पाठवला आणि प्राचार्यांना जाऊन म्हणाले, "सर, या वर्षी एकसुद्धा बोगस नाव नाही."

मेळ्याच्या दिवशी मी फाटकापाशी लॅपटॉप घेऊन बसले होते. दहाच्या सुमाराला एक जीप आली. पहाटे निघून देवगोईचा घाट उतरून आलेली, धुळीने माखलेली. त्यातून वळवी सर उतरले आणि पाठोपाठ आठ मुलं. मी सुनीताला बघायला इतकी आतुर झालेली, की खुर्चीवरून उठूनच हाक मारली.

"सुनीता पाडवी कोण?"

"मी," दोन मुली एकदम म्हणाल्या. एक उंच, खणखणीत आवाजाची. दुसरी बुटकी, हळू बोलणारी.

"एकीने बोला गं."

"मी सुनीता पाडवी," उंच म्हणाली.

"मी पण," बुटकी म्हणाली.

मी यादीत बघितलं. सुनीता पाडवी, एकच. माझा पारा चढला. शनिवारचे चार महिने आठवले आणि वाटलं, एवढी हुशार पोरगी, आणि हे मास्तर तिच्या नावावर दुसरीला घुसवतायत!

"वळवी सर, हे काय? जोडी पूर्ण करायची म्हणून एकच मुलगी दोनदा भरलीत?"

सर गोंधळले. "नाही मॅडम, दोघी आहेत."

"यादीत एकच आहे."

"पण मॅडम, समोर दोघी आहेत."

"नाव तेच, जन्मतारीख तीच, मोबाईल तोच! हे असले प्रकार मी बघितलेत, सर. आमच्याकडे लोकांनी बैलांना भरलंय!"

रांगेत मागे उभी असलेली शहरातली मुलं खो खो हसली. वळवी सरांनी खिशातून रुमाल काढून नुसता तोंडावरून फिरवला. माझं ते वाक्य मला आजही ऐकू येतं आणि आजही तोंड लपवावंसं वाटतं.

नियम सरळ होता. जोडी नसेल तर प्रकल्प बाद. यादीत जोडी नसलेल्यांची टेबलं मी नावं न बघताच आदल्या दिवशी दुसऱ्या शाळांना देऊन टाकली होती, त्यात त्यांचंही गेलं. मी तसं सांगितलं. बुटक्या सुनीताचे डोळे भरून आले. उंच सुनीता मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती.

"मॅडम, एक विचारू? तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"कशाला?"

"सांगा ना, मॅडम."

"एक जू..." मी म्हटलं आणि जीभ जागच्या जागी थांबली.

"माझा पण," ती म्हणाली. "हिचा पण. सरांचा पण. आमच्या वर्गात सगळ्यांचाच एक जून आहे."

बाई गं! मी यादीतल्या जन्मतारखांवरून बोट फिरवलं.

वाचणाऱ्यांमध्ये कुणी शहरातलं असेल तर सांगते. आमच्या पिढीत, आणि डोंगरात तर अजूनही, मूल घरी जन्माला आलं की तारीख कुणी लिहून ठेवत नसे. सहा वर्षांचं दिसलं की शाळेत घालायचं, आणि गुरुजी शाळेच्या हिशेबाने जन्मतारीख लिहायचे, एक जून. माझीही तशीच लिहिली. आई सांगायची, "मिरच्या तोडाना दिन व्हतात, तव्हय तू व्हयनी." आमच्याकडे मिरचीची तोडणी चालते हिवाळ्यात. म्हणजे गुरुजींनी मला सहा महिने आधीच जन्माला घातलं, आणि त्यापायी मी यंदा सहा महिने आधी निवृत्तही झाले. माझ्या सेवापुस्तकात पहिल्या पानावर जी तारीख आहे, तीच तारीख बघून मी पोरांना बोगस ठरवलं होतं.

"आणि मोबाईल?" मी विचारलं.

"दोन्ही पाड्यांत मिळून एकच मोठा मोबाईल आहे, मॅडम," वळवी सर म्हणाले. "माझाच. सगळ्यांचे अर्ज मीच भरले त्यावरून. ही उंच ती वरच्या पाड्याची सुनीता, ही खालच्या पाड्याची. दोघी चुलत बहिणी. शनिवारी दोघीही असायच्या झाडाखाली. एक प्रश्न विचारायची, दुसरी लिहून घ्यायची. पुढच्या शनिवारी उलट."

त्यांनी हे अगदी शांतपणे सांगितलं. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

आता हातपाय गाळून चालणार नव्हतं. ऑनलाइन तक्त्याचा एक मोठा गुण असा, की तो काही विसरत नाही. वहीत खोडलेलं अक्षर उजेडाला धरलं की दिसतं, तसं त्यात मागच्या तारखेला जाऊन जुना तक्ता परत आणता येतो. मी आणला. उडवलेली सगळी नावं ओळीने उभी राहिली. पाडवी, वसावे, वळवी, तडवी. जन्मतारीख एक जून, एक जून, एक जून. त्यातली जी मुलं आज आपल्या सरांबरोबर आली होती आणि यादीत नाव नाही म्हणून फाटकाबाहेर झाडाखाली बसून राहिली होती, त्यांना मी नावाने हाक मारून आत घेतलं. तोवर ती मुलं मला दिसलीच नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

मग मी माईककडे निघाले. प्राचार्यांनी मध्येच अडवलं. "मॅडम, दुरुस्ती झाली ना? मग माईकवर कशाला? गुपचूप राहू द्या."

"सर, बैलांचं मी गुपचूप नव्हतं म्हटलं," मी म्हणाले.

आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चूक शाळांची नाही, मुलांची नाही, वळवी सरांची तर मुळीच नाही. चूक कॉम्प्युटरवाल्या पाटील मॅडमची आहे, आणि मी सरांची माफी मागते. वळवी सर इतके अवघडले, की त्यांनी मलाच नमस्कार केला.

आता टेबल कुठून आणायचं? दिलेलं परत घेता येईना, आणि वर्गातले बाक आत घेतलेल्या बाकीच्या मुलांनाच संपले. मी माझंच फाटकावरचं नोंदणीचं टेबल उचललं आणि हॉलच्या दाराशी मांडून दिलं. सुनीतांनी त्यावर काय मांडलं? गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि वळवी सरांचा मोबाईल. बस्स. शेजारी कुणी दिवे लुकलुकणारं घर मांडलेलं, कुणी चालणारी गाडी आणलेली, कुणी मोठ्या पडद्यावर काय काय लावलेलं. या दोघींची मांडणी त्यापुढे अगदीच बापुडी दिसत होती.

प्रकल्प असा होता. पाड्यावर नर्सबाई येतात, गोळ्या देतात, कधी घ्यायच्या ते मराठीत सांगतात. बायका मान डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात, कारण घरी बोलणं भिलीत, आणि पाकिटावरचं वाचता येत नाही. कुणी तीनही गोळ्या एकदम घेतं, कुणी पोराची गोळी स्वतः घेतं. या दोघींनी ॲपमध्ये पाकिटांचे फोटो टाकले. आपल्या हातातल्या पाकिटासारखा फोटो शोधून त्यावर बोट ठेवलं, की ॲप भिलीतून सांगतं, ही कधी घ्यायची, किती घ्यायची, रिकाम्या पोटी की जेवून. प्रत्येक वाक्य नर्सबाईंकडून तपासून घेतलेलं, आवाज वरच्या सुनीताचा.

दुपारी परीक्षक फिरायला लागले आणि तेवढ्यात लाइट गेली. नेहमीचंच. लाइट गेली म्हणजे राउटर गेला, राउटर गेला म्हणजे नेट गेलं. मोठे पडदे काळे पडले. लुकलुकणारी घरं विझली. मुलं कासावीस. "सर, नेट आलं की दाखवतो," "सर, एक मिनिट." परीक्षक रुमालाने वारा घेत दाराकडे आले, जरा हवा लागेल म्हणून. तिथेच माझं टेबल.

"तुमचं काय बाई? तुमचंही नेटवर चालतं का?"

"नाही सर," खालची सुनीता म्हणाली. अजूनही हळूच. "आमच्याकडे नेट नसतंच. म्हणून बिननेटचं बनवलं."

तिने पाकिटाच्या फोटोवर बोट ठेवलं. त्या गप्प हॉलमध्ये वरच्या सुनीताचा आवाज खणखणीत घुमला. परीक्षकांना एक अक्षर कळलं नाही. ते एकमेकांकडे बघायला लागले. पण चहाची किटली घेऊन आलेल्या आमच्या कॉलेजातल्या रमीबाई तिथेच थबकल्या. त्याही घरी भिलीच बोलतात, फक्त त्यांची बोली खांडबाऱ्याकडची, जराशी वेगळी.

"जेवल्यावर एक घ्यायची म्हणते ती," रमीबाई म्हणाल्या. "आणि पोराला द्यायची नाही म्हणते." मग किटली खाली ठेवून मोबाईलवर वाकल्या. "आमच्यासारखं बोलतोय की गं हा! अजून दाब ना."

सुनीताने दाबलं. रमीबाईंनी ऐकलं आणि परीक्षकांना सांगितलं. परत दाबलं, परत सांगितलं. शेवटी त्यांनी स्वतःच बोट पुढे केलं. जन्मात मोबाईलचा पडदा न चालवलेली बाई, तिने तीन गोळ्या बरोबर ओळखून दाखवल्या. परीक्षकांमधले एक गृहस्थ कारखान्यात इंजिनियर होते. ते म्हणाले, "मला आता पुढचं टेबल बघायची गरज वाटत नाही." बघितली त्यांनी सगळी टेबलं, नियमच तसा होता. पण निकाल बदलला नाही. पहिला नंबर सुनीता पाडवी आणि सुनीता पाडवी!

टाळ्या अशा पडल्या की काय सांगू. वळवी सरांनी पुन्हा तो रुमाल काढला, या वेळी डोळ्यांसाठी. मी तर सरळ रडले. लपवलंसुद्धा नाही.

साडेचार वाजले होते. लाइट आलेली नव्हती. मी माझ्या मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप जोडून राज्याचं संकेतस्थळ उघडलं आणि नावं भरायला बसले. पहिली सुनीता गेली. दुसऱ्या, वरच्या पाड्याच्या सुनीताला लाल अक्षरं. 'हा मोबाईल नंबर आधीच नोंदवलेला आहे.' परत भरलं, परत लाल. एक नंबर, एक माणूस! कुणीतरी माझ्यासारखीच शहाणी व्यक्ती तिकडेही बसलेली होती. मदतीच्या नंबरवर फोन लावला तर 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं म्हणत गाणं वाजत राहिलं. पाचला बारा मिनिटं. दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या, दोघींचे श्वास मला ऐकू येत होते.

"मॅडम," वरची सुनीता म्हणाली, "एकच जात असेल तर हिचं राहू द्या. आवाज माझा आहे, पण ठोकळे हिने जोडलेत."

"गप बस," मी म्हटलं. "एकदा खोडलं तेवढं पुरे झालं."

आणि तिच्या नावापुढे मी माझा स्वतःचा नंबर टाकला. हिरवी खूण आली. पाचला नऊ मिनिटं कमी होती.

राज्याच्या स्पर्धेत त्या दुसऱ्या आल्या. पहिलं कोण आलं ते मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की नर्सबाईंनी ते ॲप स्वतःच्या मोबाईलमध्ये घालून घेतलं आणि पाड्यापाड्यावर ऐकवत फिरल्या.

एक गोष्ट मात्र टोचते ती टोचतेच. मेळा झाल्यावर चार दिवसांनी धडगावकडच्या एका शाळेतून फोन आला. त्यांची अकरा मुलं पिशव्या भरून माझ्या संदेशाची वाट बघत बसली होती. संदेश गेला तो त्यांच्या नंबरवरच्या पहिल्या एकाच नावाला; बाकीची ही अकराही नावं मी उडवलेली. त्यांचे सर एवढंच म्हणाले, "पोरं दोन दिवस विचारत होती." पुढच्या वर्षी त्या शाळेत मी लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन गेले आणि मेळा तिकडेच भरवला. अकरातली नऊ मुलं भेटली. दोघं ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर गुजरातेत होती. त्या दोघांचं देणं माझ्याकडून राहिलं ते राहिलंच.

वरच्या सुनीताच्या नावाला माझा नंबर जो चिकटला, तो पुढे सगळीकडे तसाच गेला. तिचे निकाल, तिची हॉल तिकिटं, तिची शिष्यवृत्ती, सगळं माझ्या मोबाईलवर. 'प्रिय सुनीता पाडवी.' एकदा खांडबाऱ्याच्या बाजारात मी भाजी घेत होते आणि हिचा कुठून तरी फोन, "मॅडम, ओटीपी आला का?" मिरच्यांच्या ढिगापाशी उभी राहून मी आकडे ओरडून सांगितले आणि मिरचीवाली म्हणे, "बाई, भाव मी सांगायचा ना?" बीएस्सी कॉम्प्युटरला प्रवेश मिळाल्याचं सुनीताच्या आधी मला कळलं. मी स्टाफरूममध्ये अशी किंचाळले, की उरलेल्या चारही पाटील धावत आल्या. खालची सुनीता नर्सिंगला गेली. आता तिने दिलेल्या गोळ्यांची माहिती तिनेच बनवलेलं ॲप सांगतं.

यंदा माझ्या निवृत्तीला महिना झाला असेल नसेल, वरच्या सुनीताचा संदेश आला, या वेळी तिच्या स्वतःच्या नंबरवरून. तिच्या कॉलेजात तिने तंत्रमेळा भरवलाय आणि मी परीक्षक म्हणून यायचं. खाली अर्जाची लिंक. मी उघडला. जन्मतारीख विचारलेलीच नव्हती. मोबाईल नंबर 'असल्यास'. आणि तिसराच प्रश्न असा होता, 'तुमच्या नावाचं आणखी कुणी आहे का? असल्यास तुम्हाला कसं ओळखायचं?'

मी तो प्रश्न दोनदा वाचला. मग लिहिलं, 'पाटील मॅडम पुष्कळ आहेत. जिने एकदा एक सुनीता खोडली होती, ती मी.' आणि 'सबमिट' दाबलं. काही होईना. आमच्याकडचं नेट! परत दाबलं.

दहा मिनिटांनी सुनीताचा फोन. हसत होती.

"मॅडम, तुमचे दोन अर्ज आलेत."

"अगं, मग एक काढून टाक की."

"नाही मॅडम," ती म्हणाली. "दोन्ही ठेवलेत. पोहे पण दोन प्लेट सांगितलेत."